वजन बघून जोड

चौगले मॅडमच्या तोंडून निघणारा पहिला शब्द "वजन?" हाच असायचा. नमस्कार नाही, काय झालंय नाही. आई बाळाला पदरात गुंडाळून धापा टाकत जिना चढून आलेली असो, की बाहेरगावच्या दवाखान्यातून ॲम्ब्युलन्सनं पाठवलेलं मूल असो, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाहून मॅडमचा आवाज यायचा, "वजन?" एकदा औषध कंपनीचा एक नवा माणूस हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात उभा होता. सवयीनं त्यालाही तोच प्रश्न गेला. तो गोंधळून म्हणाला, "अर्धा किलो, मॅडम." वॉर्डातल्या आया पोट धरून हसल्या आणि पेढेही त्यांनाच वाटले गेले.

कोल्हापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी लहान मुलांच्या विभागात शिकायला आले, तेव्हा मॅडम तिथल्या प्रमुख होत्या. ठेंगणा, भक्कम बांधा. अंगावर इरकली साडी आणि साडीखाली पांढरे पळायचे बूट. सकाळी गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध उभ्या उभ्या पिऊन मगच त्या कामावर यायच्या. ओठावरची दुधाची रेघ कधी कधी राऊंड संपेपर्यंत तशीच असायची. ती पुसा म्हणून सांगायची कुणाची छाती व्हायची नाही.

बोलणं अस्सल आमच्याकडचं. "मी जेवून आलो," "मी बघतो की," असं इकडच्या बायका बोलतात तसंच त्या बोलायच्या, मग समोर उसाच्या फडातून आलेली आई असो की पुण्याहून आलेले परीक्षक. मी घरातली पहिली पदवीधर. वडील दूध संघाचा टेम्पो चालवायचे. कॉलेजात मी माझी बोली घासून घासून पुसून टाकली होती. पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, "गाव?" मी जरा हळूच म्हणाले, "गारगोटीच्या पुढं, एक लहानसं..." पुढचं ऐकायला त्या थांबल्याच नाहीत. अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "गारगोटी आली रे! जागा द्या!" त्या दिवसापासून मी गारगोटी झाले. माझा वरिष्ठ सहकारी सांगली जिल्ह्यातल्या जतचा, म्हणून तो जत. आमची खरी नावं मॅडमना हजेरीपुरतीच ठाऊक असावीत.

ही सवय त्यांना वडिलांकडून मिळाली होती. त्यांचे आबा कुस्तीच्या मैदानातले निवेदक. यात्रा आली की गावोगाव फिरायचे, हातात भोंगा धरून पैलवानाचं नाव आणि गाव पुकारायचे. जोड लावायलाही तेच. जोड लावणं म्हणजे कोण कुणाशी लढणार ते ठरवणं. मैदानात पोरं उभी राहिली की आबा त्यांचे दंड दाबून, खांद्यावर हात ठेवून सांगायचे, हा याला झेपेल, तो नाही झेपणार. बरोबरीची जोड लागली तर कुस्ती रंगते. चुकीची लागली तर कुणाचा तरी हात मोडतो.

"आबांना डोळ्यानं वजन कळायचं," मॅडम सांगायच्या. "मला कळत न्हाई. मला काटा लागतो. आन् तुम्हाला तर लागतोच लागतो, शहाण्यांनो."

औषधाचा डोस ठरवणं म्हणजे त्यांच्या लेखी जोड लावणंच होतं. एका बाजूला बाळ, दुसऱ्या बाजूला औषध. वजन बघितल्याशिवाय जोड लावायची नाही आणि जोड लावली की पुकारायची. सुईला हात लावण्याआधी चार गोष्टी मोठ्यानं बोलायच्या: बाळाचं वजन, औषधाची ताकद, किती द्यायचं, किती सावकाश द्यायचं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं परत बोलून दाखवायचं आणि तिसऱ्यांदा ते बाळाच्या माणसानं बोलायचं. इतर विभागातले डॉक्टर हसायचे. "चौगल्यांच्या वॉर्डात काय, रोज यात्रा भरलेली असते," म्हणायचे. मॅडमना त्याचं काही वाटायचं नाही. "यात्राच हाय ही," म्हणायच्या. "बिनपुकाराची कुस्ती चोरून लावत्यात."

ही पुकारणी कशासाठी, ते मला आरोहीमुळे कळलं.

त्या दुपारी शिरोलीचा, तिथल्याच फाउंड्रीत मोल्डिंगला काम करणारा संभाजी नावाचा तरुण कामाच्या कपड्यांतच धावत आला. अंगावर काळी रेती तशीच. मागं त्याची आई, आक्का. तिच्या हातात दोन दिवसांची मुलगी. बाळंतीण गावाजवळच्या लहान दवाखान्यातच होती. पोर जन्मली तेव्हा चांगली धष्टपुष्ट. "पैलवान झालाय म्हणून आम्ही गावभर पेढं वाटलं ओ," आक्का रडत सांगत होती. आता तो पैलवान निळा पडून झटके देत होता. टाचेतून थेंबभर रक्त काढून यंत्रावर बघितलं. साखर जवळजवळ नव्हतीच.

जत हुशार होता आणि हाताचा चपळ. बाळाच्या हातात सुई बसवून त्यानं पंचवीस टक्के ग्लुकोजची बाटली उचललीसुद्धा. साखर कमी आहे, तर घट्ट साखर द्यावी. कुणालाही तेच सुचेल.

"जत!" मॅडमचा आवाज आला. "कुणाची जोड कुणाशी लावतोयस?"

त्याचा हात जागीच थांबला.

"ही दोन दिसाची पोरगी. तिची शीर म्हंजे सुताचा दोरा. त्यात तू हिंदकेसरी उतरवतोयस? शीर जळंल, बाहेर पाझरलं तर कातडं जळंल. साखर एकदम वर जाईल आन् तितक्याच जोरानं खाली आपटंल. बाटली ठेव खाली. गारगोटी, वजन?"

काट्यावर बाळ ठेवून मी म्हणाले, "चार किलो."

"पुकार."

मी पुकारलं, "चार किलो. दहा टक्के ग्लुकोज. किलोमागं दोन मिली, म्हणजे आठ मिली. सावकाश."

जतनं ते परत म्हटलं. मग मॅडम संभाजीकडे वळल्या. "आता तू."

"म्या? मला काय कळतंय त्यातलं, मॅडम?"

"बाप हाईस न्हवं? म्हण."

दाराशी उभा राहून तो फाउंड्रीतला गडी बोलला, "चार किलो. धा टक्के. आठ मिली. सावकाश." मग जतनं औषध दिलं, इतकं सावकाश की माझाच जीव टांगणीला लागला. थोड्या वेळानं बाळाचे हात शांत झाले. ओठांवर रंग आला. जतनं सिरिंज बाजूला ठेवली आणि हुश्श केलं.

"हुश्श काय?" मॅडम म्हणाल्या. "एकदा पाडलं म्हणून मैदान सोडायचं न्हाई. ड्रिप लाव. न्हाईतर तासाभरात परत उठून बसतंय ते."

पंचवीस टक्क्यांची ती बाटली त्याच दिवशी त्यांनी तान्ह्या बाळांच्या ट्रॉलीवरून काढायला लावली आणि वेगळ्या कपाटात बंद केली. जतला त्या एक शब्दही जास्त बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ड्रिपचा वेग पुकारायचं काम मात्र त्याच्याकडेच दिलं. माणसाला चुकीच्या जागेवरून ओढायचं आणि लगेच बरोबर जागेवर उभं करायचं, ही त्यांची पद्धत.

तीन-चार दिवसांत लक्षात आलं की आरोहीचं दुखणं साधं नाही. ड्रिप जरा कमी केली की साखर कोसळायची. इतर बाळं दूध पिऊन सावरतात, ही सावरत नव्हती. साखर खाली गेलेली असताना मॅडमनी रक्त तपासायला पाठवलं. अशा वेळी शरीरात इन्सुलिन नसायलाच हवं. हिच्यात भरपूर निघालं. जन्मतःच ते जास्त तयार होत होतं. आक्कानं ज्यासाठी गावभर पेढे वाटले, ते भरगच्च वजनही त्यामुळंच.

मॅडमनी संभाजीला आणि आक्काला समोर बसवून सांगितलं. "हिच्या अंगात एक रस हाय, साखर संपवणारा. सगळ्यांच्याच अंगात असतोय. हिच्यात तो कामगार सुट्टीच घेत न्हाई. आपण भरतोय, तो रिकामं करतोय. आन् मेंदूला साखर लागती, आक्का. ती कमी पडली की मेंदूचं नुकसान हुतंय, आन् ते भरून काढता येत न्हाई. आपली लढाई त्याच्यासाठी हाय."

आक्कानं विचारलं, "पोरगी शिकंल का ओ, मॅडम? का तशीच..."

"शिकवायची हाय म्हणून तर बसलोय की," मॅडम म्हणाल्या. "पण मी शब्द देत न्हाई. मी औषध देतो."

त्या औषधाचं नाव डायझॉक्साइड. इन्सुलिनला आवर घालणारं. पण सुरू करण्याआधी मॅडमनी बाळाच्या हृदयाची तपासणी करून घेतली, कारण या औषधानं अंगात पाणी साचू शकतं. पाणी उतरवणारं औषध जोडीला दिलं. रोज वजन, रोज पापण्या आणि पावलांवर सूज बघायची. "जोड लावली म्हंजे काम संपलं न्हाई," त्या म्हणायच्या. "कुस्ती संपेपर्यंत पंचानं बसायचं न्हाई." चार दिवसांत ड्रिप उतरत उतरत बंद झाली आणि साखर दुधावर टिकली. ड्रिप काढली त्या सकाळी आक्का मॅडमच्या पायांवर डोकं ठेवायला वाकली. मॅडम चट्कन मागं सरल्या. "पाया काय पडताय? चमचा आणा घरातला."

"चमचा?"

"एक न्हाई, तीन-चार आणा. घरात असतील तसले."

दुसऱ्या दिवशी आक्का पिशवीत चमचे घेऊन आली. एक चहाचा, एक लोणच्याच्या बरणीतला, एक कधीतरी खोकल्याच्या औषधाबरोबर आलेला. मॅडमनी वॉर्डातल्या सगळ्या आया गोळा केल्या. प्रत्येक चमचा पाण्यानं काठोकाठ भरला आणि ते पाणी बिनसुईच्या सिरिंजमध्ये ओढून मापून दाखवलं. तिन्ही मापं वेगळी. लोणच्याच्या चमच्यात तर चहाच्या चमच्याच्या दीडपट पाणी मावलं.

"बघा, एका घरातलं तीन चमचं आन् तिघांचं तीन पक्ष," मॅडम म्हणाल्या. बायका खदखदल्या. "म्हणून पोराला औषध चमच्यानं द्यायचं न्हाई. ही सिरिंज. हितं खूण केलीया. खुणेच्या वर न्हाई, खाली न्हाई. वजन वाढलं की माझ्याकडं यायचं, खूण मी बदलणार. स्वतः बदलायची न्हाई."

घरी सोडताना त्यांनी आरोहीची आई दीपाली, संभाजी आणि आक्का तिघांकडून एक गोष्ट घोकून घेतली. पोर गळून गेली, पण गिळतेय, तर लगेच दूध पाजायचं. झटका आला किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात काहीही ओतायचं नाही, दूध नाही, काकवी नाही, उसाचा रस नाही, कारण ते फुप्फुसात जातं. कुशीवर वळवायचं. बोटाच्या टोकावर चिमूटभर ओली साखर घेऊन जिभेखाली लावायची आणि तशीच कुशीवर धरून गाडीतून आणायची.

"आन् पायताण?" मॅडमनी विचारलं.

आमच्याकडं कुणाला फिट आली की पहिली धाव पायताणाकडं. चामड्याचं पायताण नाकाशी धरलं की फिट उतरते, असं अजून मानतात.

"पायताण कुठं ठेवायचं, आक्का?"

"पायात," आक्का खालमानेनं म्हणाली.

"हां. ते घालून पळत दवाखान्याला यायचं."

पुढचे काही महिने छान गेले. आरोही दर भेटीला वजनानं वाढत होती, नजर लावत होती, हसत होती. मॅडमच्या गळ्यातली नळी ओढायची. मग एका भेटीला ती आली नाही. पुढच्या आठवड्यात सकाळच्या राऊंडच्या वेळी संभाजीच हातावर पोरगी घेऊन धावत वर आला. मागून दीपाली आणि आक्का.

"वजन?" मॅडमचा आवाज.

"सात किलो, मॅडम!" हे संभाजीच ओरडला. "शुद्ध न्हाई. दीपालीनं जिभंखाली साखर लावलीया. तोंडात काय ओतलं न्हाई!"

पुकारणी झाली, दहा टक्के ग्लुकोज गेलं, ड्रिप लागली. आरोहीनं डोळे उघडले आणि भोकाड पसरलं. त्या रडण्याइतकं गोड काही मी तोवर ऐकलं नव्हतं. तोपर्यंत मॅडमनी कुणालाही काही विचारलं नव्हतं. पोर रडून आईच्या अंगावर पिऊ लागल्यावर त्यांनी स्टूल ओढलं आणि आक्कासमोर बसल्या.

"औषध कवा बंद केलं?"

दीपालीनं चमकून सासूकडं बघितलं. तिला माहीतच नव्हतं. डोस द्यायचं काम आक्काकडं होतं.

आक्कानं पोरीचं झबलं वर केलं. पाठीवर, कपाळावर, हातांवर काळी मऊ लव दाट उगवली होती. "हे बघा की, मॅडम. औषधानं पोरीला अस्वल केलंय. भावकीतल्या बायका बघायला येत्यात, आन् तोंडाला पदर लावत्यात. पोरीची जात. उद्या हिला कोण पदरात घील? म्हणून म्या चार दिस..." ती हुंदके देऊ लागली.

आता मॅडमच्या तोंडाचा पट्टा सुटणार, असं मला आणि जतला वाटलं. मॅडम उलट पुढं वाकल्या.

"आक्का, तुमच्या गावात तालीम हाय?"

"हाय की."

"तालमीत देव कोण?"

"मारुती."

"त्याच्या अंगावर केस हाईत का न्हाईत?"

आक्का रडता रडता थांबली.

"आन् त्याला कुणी नावं ठेवतंय? शनवारी तुमीच तेल घालताय न्हवं त्याला? तुमची पोरगी पैलवान हाय. औषध हाय तोवर केस हाईत. औषध सुटलं की सगळं केस गळून जात्यात, हे मी सांगतो. पण औषध तुम्ही सोडवायचं न्हाई. ते सोडवायचा दिस मी ठरवणार, हितं, माझ्या डोळ्यासमोर. तोवर भावकीला सांगा, आमच्या घरात मारुतरायानं जन्म घेतलाय."

आक्का हसली. डोळे पुसत, नाक ओढत हसली. मॅडमनी तिथंच सिरिंज मागवली, आरोहीचं नवं वजन धरून खूण बदलली आणि ती सिरिंज आक्काच्याच हातात ठेवली. दीपाली काही बोलणार होती, पण मॅडमनी हातानं थांबवलं. "डोस ह्याच देणार. आन् रोज देताना मोठ्यानं पुकारणार. शेजारणीलाबी ऐकू गेला पायजे." नंतर संभाजी सांगायचा, गल्लीतल्या लोकांना आरोहीचा डोस पाठ झालाय.

त्यानंतर एकही डोस चुकला नाही.

आरोही मोठी होत गेली. चालली, बोलली, बालवाडीत गेली. मॅडम दर खेपेला तिला चित्रं दाखवायच्या, चेंडू टाकायच्या, गोष्ट सांगून परत सांगायला लावायच्या. ते सगळं आम्हाला खेळ वाटायचं. एकदा मी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्या पहिल्या दिवशी मेंदूनं किती सोसलं ते मला ठाऊक न्हाई. रोज थोडं थोडं शोधतोय." तेवढ्याच वेळी मी त्यांना घाबरलेलं बघितलं.

पोरीचं वजन वाढत होतं, पण साखर चांगली राहत होती, म्हणून मॅडम डोस वाढवत नव्हत्या. हळूहळू ते औषध तिच्या अंगाच्या मानानं अगदीच थोडं उरलं. मग चौथं वर्ष सरल्यावर एक दिवस त्यांनी संभाजीला बोलावून सांगितलं, "आता बघूया, सोडलं तर काय हुतंय."

औषध थांबवून आरोहीला काही दिवस वॉर्डात ठेवलं. रोज साखर मोजत होतो. मग शेवटची परीक्षा, उपास. ठरलेला वेळ पोरीनं पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही आणि दर थोड्या वेळानं साखर तपासायची. दुखणं अजून असेल, तर साखर खाली येणार. हातात सुई बसवलेली, उशाशी दहा टक्के ग्लुकोज तयार. शिकणं संपून तिथंच नोकरीला राहिलेले आम्ही दोघं हजर: मोजायला जत, लक्ष ठेवायला मी.

आक्का म्हणाली, "पोरगी उपाशी, तर म्या बी उपाशी." आणि पलंगाशेजारी चटईवर बसली. संकष्टी आणि शनिवार कधी न चुकवलेली बाई. तिनं आरोहीला सांगितलं, "देवाचा उपास हाय, बाळा."

"कुठल्या देवाचा?"

आक्कानं मॅडमकडं बघितलं. मॅडम म्हणाल्या, "जोतिबाचा. चांगभलं म्हण."

"चांगभलं," आरोही म्हणाली. "आता मला भडंग पायजे."

त्या दिवशी मॅडम दूध पिऊनही आल्या नव्हत्या. ओठावर रेघ नव्हती, हे मी सकाळीच बघितलं होतं. त्या वॉर्ड सोडून हलल्या नाहीत. दुपार कलंडली, तशी आरोही भडंगासाठी आरडाओरडा करू लागली. शेजारच्या पलंगावरच्या आया आपापले डबे लपवून खाऊ लागल्या. चिडून आरोहीनं मॅडमचा बूट ओढून काढला आणि फेकला. मॅडम एका पायात बूट घालून तशाच बसून राहिल्या. "चिडतीया, चिडू दे," त्या म्हणाल्या. "गप्प पडली तर भ्यायचं."

जत बोटातून रक्त काढायचा, आकडा बघायचा आणि पुकारायचा. दर वेळी संभाजी तो परत म्हणायचा, मग दीपाली, मग आक्का. आकडा थोडा उतरला, मग तिथंच टिकला. पुन्हा मोजला. टिकला. ठरलेला वेळ भरला, तेव्हा जतनं शेवटचा आकडा पुकारला. आकडा भक्कम होता.

मॅडम उठल्या. एका पायात बूट, एक पाय अनवाणी. वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहून ओरडल्या, "आरोही, शिरोली! चितपट! भडंग आणा रे!"

अख्खा वॉर्ड उठला. आया टाळ्या पिटत होत्या, कुणी थाळीवर चमचा बडवत होतं. आरोहीनं मूठभर भडंग तोंडात कोंबलं, आणि दुसरी मूठ आक्काच्या तोंडात. उपास सुटला, दोघींचाही. मॅडमच्या हातात कुणीतरी दुधाचा पेला दिला. तो एका दमात संपवून त्यांनी मनगटानं तोंड पुसलं. एवढ्या वर्षांत त्यांनी ओठ पुसलेले मी पहिल्यांदाच बघितले. डोळेही पुसले, पण ते बघितलेलं मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.

अंगावरचे केस काही महिन्यांत गळून गेले. आक्का म्हणते, मारुतराय परत गेला.

मॅडम निवृत्त झाल्या. बेळगावला लेकीकडं राहायला निघायच्या आधीच्या आठवड्यात संभाजीचा फोन आला. गावच्या यात्रेत बारक्या पोरींच्या कुस्त्या ठेवल्या होत्या आणि आरोही उतरणार होती. पहिलीतून दुसरीत गेलेली, पाढे खाडखाड म्हणणारी आरोही आता रोज तालमीत जात होती. मॅडम म्हणाल्या, "गारगोटी, गाडी काढ."

मैदानाभोवती माणसांचं कडं पडलं होतं. हलगी कडाडत होती. मॅडमना पुढं खुर्ची दिली, पण त्या बसल्या नाहीत. तांबड्या मातीच्या काठाला पांढरे बूट टेकवून उभ्या राहिल्या. निवेदकानं दोन पोरी समोरासमोर उभ्या केल्या, त्यांचे दंड दाबून बघितले आणि माईकवर म्हणाला, "जोड लागली!"

"काटा कुठाय?" मॅडम कडाडल्या.

निवेदक गडबडला. "ओ मावशी, नजरेनंच लावत्यात की. बारकी पोरं हाईत."

"बारकी हाईत म्हणूनच. काटा आणा."

हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "आणा रे, मावशी सोडायची न्हाई!" यात्रेतल्या एका दुकानातून वजनकाटा आला आणि मातीतच मांडला. दुसरी पोर उभी राहिली. मग आरोही. आकडा स्थिर होईपर्यंत तीही ऐटीत छाती काढून उभी राहिली. दोघींचं वजन बरोबरीचं निघालं.

"बावीस किलो!" निवेदकानं पुकारलं.

"बावीस किलो!" कडेवरून मॅडमनी परत म्हटलं, सवयीनं, पूर्ण आवाजात.

"बावीस किलो!" हा आक्काचा आवाज, बायकांच्या घोळक्यातून.

आणि काट्यावर उभ्या असलेल्या आरोहीनं मॅडमकडं बघून दोन्ही हात वर केले आणि हलगीच्या वर जाईल अशा आवाजात पुकारलं, "बावीस किलो! आरोही, शिरोली!"

हलगी वाजली. पोरीनं मातीत उडी घेतली. मॅडमनी पदर कमरेला खोचला, पंचाच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि कुस्ती संपेपर्यंत बसल्या नाहीत.